खूण कुठं घालायची: एका आधणाचा व्हिडिओ, तिसरी आवृत्ती

मागच्या हंगामात निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी एका गुऱ्हाळात जे चित्रण केलं, त्याची तिसरी आवृत्ती या आठवड्यात चालू झाली. गुऱ्हाळ माझ्या आईच्या चुलतभावाचं. तात्यामामा चाळीस वर्षं गुळव्या आहेत. चुलाणात, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीत, चिपाडं सारायला जे अण्णा असतात ते हुक्केरीकडचे, त्यांचं घरचं बोलणं कन्नड. एक जण वर काहिलीच्या, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईच्या, काठाशी, दुसरा खाली चुलाणाच्या तोंडाशी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही, नुसता आवाज जातो. ही गोष्ट पुढं फार महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

काय करायचं चाललंय ते नवीन मंडळींसाठी थोडक्यात. रस काहिलीत पडल्यापासून गूळ वाफ्यात ओतेपर्यंत त्या दिवशी एका आधणाला, म्हणजे रसाच्या एका खेपेला, पावणेतीन तास लागले. त्याचा १४ मिनिटांचा व्हिडिओ केला. तो नुसता बघता येतोच, पण कुठंही काहिलीवर, झाऱ्यावर, चुलाणावर बोट ठेवलं की त्या क्षणी तिथं काय चाललंय ते कळतं, आणि हवं तर त्याच जागेचं न कापलेलं लांब चित्रण उघडतं. त्यासाठी व्हिडिओवर जी वेळ नोंदून ठेवते तिला मी खूण म्हणते. कल्पना जुनी आहे. एमआयटीत १९७८ साली ॲस्पेन गावाच्या रस्त्यांचं चित्रण करून बघणाऱ्याला स्वतः वळणं घेता येतील असा नकाशा बनवायला घेतला होता. १९९८ मध्ये वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं चित्र, आवाज आणि मजकूर एका वेळापत्रकात बांधायला स्माईल नावाची भाषा काढली. आज त्यातलं बरंचसं ब्राउझरच्या पोटातच आहे. व्हिडिओचा टॅग, त्याच्या आत ट्रॅक, आणि ट्रॅकमध्ये वेबव्हीटीटीची साधी मजकुराची फाइल. कोणत्या वेळी कोणता मजकूर ते तिच्यात असतं, त्यातल्या एकेका नोंदीला क्यू म्हणतात. घरबसल्या एकट्या माणसाला हे जमतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पहिल्या आवृत्तीत मी सगळी माहिती चित्रावरच लिहिली होती. भेंडीचा चिकट रस घातला की उष्णतेनं मळी वर कशी येते, चुन्याची निवळी कशासाठी, फेस उतू जाऊ नये म्हणून तेलाचे दोन थेंब कधी टाकतात, सगळं. वाचायला छान होतं, पण वाचेपर्यंत मळी काढून झालेली असायची. मावशीनं बघितलं आणि म्हणाली, "मी नुसतं वाचतच बसले, झारा दिसलाच नाही गं." दुसऱ्या आवृत्तीत मजकूर चित्राबाहेर आणला. मोबाईल उभा धरला तर खाली, आडवा धरला तर उजवीकडं. ट्रॅकचा मोड 'हिडन' ठेवला. त्यानं क्यू वेळेवर जागे होतात, पण ब्राउझर स्वतः चित्रावर काही काढत नाही. मग आपण आपल्या एचटीएमएलमध्ये हवं तसं मांडावं. देवनागरीसाठी हाच मार्ग बरा, कारण ब्राउझरच्या तयार सबटायटलमध्ये वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार जवळजवळच्या ओळींत एकमेकांना चिकटतात. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.६ च्या खाली नेऊ नका. आणि मजकुराला मराठी भाषेचा कोड जरूर लावा. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये तो कोड असला तर आपल्या वळणाचे ल आणि श येतात, नसला तर हिंदीचे. बारीक गोष्ट आहे, पण गुळाचा ल आपल्या पुस्तकातल्यासारखा दिसला तेव्हा पान आपलं वाटायला लागलं.

वेळ सरकत होती

दुसऱ्या आवृत्तीत एक गोष्ट छळत होती. सुरुवातीच्या खुणा बरोबर बसायच्या आणि शेवटाकडं येता येता दीड-दोन सेकंद मागं पडायच्या. मळी काढताना दोन सेकंद चालतात, गूळ ओतताना नाही. तीन रात्री त्यात गेल्या. कारण निघालं कॅमेऱ्यात. मोबाईल अंधार-उजेड बघून सेकंदाला फ्रेमची संख्या कमीजास्त करतो, आणि गुऱ्हाळात तर वाफ, धूर आणि पत्र्याखालचा अंधार. मी खुणा मूळ फाइलवर घातल्या होत्या आणि जोडणीच्या ॲपनं ती फाइल ठरावीक वेगाची धरून पुढं काम केलं होतं. आता नियम केलाय: चित्रण घरी आलं की सगळ्यात आधी एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या साधनानं सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर आणायचं, मगच त्यावर खूण घालायची.

त्याच वेळी कीफ्रेमचंही, म्हणजे फाइलमध्ये मधूनमधून अख्खं साठवलेल्या चित्राचंही, बघितलं. व्हिडिओ दाबून लहान करणारं एक्स२६४ मुळात दोन कीफ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर ठेवतं, म्हणजे २५ च्या वेगाला १० सेकंद. खुणेवर उडी मारली की ब्राउझर मागच्या कीफ्रेमपासून उलगडत येतो, आणि साध्या मोबाईलवर तेवढ्यात चित्र गोठतं. मी अंतर ५० फ्रेमवर आणलं. फाइल थोडी जड झाली, उडी मात्र लगेच बसायला लागली. फास्टस्टार्टचा पर्यायही लावा, म्हणजे फाइलची अनुक्रमणिका पुढं येते आणि सगळं उतरायची वाट न बघता व्हिडिओ चालू होतो. आणि घरी तपासताना उडी मारली की व्हिडिओ पहिल्यापासून सुरू होत असेल तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका. पायथनसोबत येणारा साधा सर्व्हर फाइलचा मधला तुकडा मागितला तरी देत नाही. तुकडे देणारा दुसरा सर्व्हर लावा.

खुणा घालायला ईलान वापरते. नेदरलँड्समधल्या नायमेगनच्या माक्स प्लांक संस्थेतलं, भाषा अभ्यासणाऱ्यांसाठी केलेलं, फुकट मिळणारं साधन आहे. एकाखाली एक पट्ट्या असतात. माझ्या पाच आहेत: तात्यांचा हात, तात्यांचं बोलणं, अण्णांचं बोलणं, काहिलीतला रस, आवाज. त्याची फाइल साधी एक्सएमएल असते, वेळ मिलिसेकंदात. छोट्या स्क्रिप्टनं त्यातून वेबव्हीटीटी काढते. एसआरटी या सबटायटलच्या दुसऱ्या प्रकारातून कुणी बदलत असाल तर मिलिसेकंदाआधी स्वल्पविराम नको, टिंब हवं. तेवढ्यावरून ट्रॅक मुकाट रिकामा राहतो.

तात्यांनी खूण हलवली

आता मुख्य गोष्ट. दुसरी आवृत्ती घेऊन मी संक्रांतीनंतरच्या रविवारी गुऱ्हाळावर गेले. तात्यांना बाजेवर बसवून टॅबलेट हातात दिला. त्यांनी शेवटची सहा मिनिटं दोनदा बघितली. ही सहा मिनिटं मी मुद्दाम न कापता ठेवली आहेत. तिथं मी 'गूळ तयार' अशी खूण घातली होती, १० मिनिटं ३३ सेकंदांवर. त्या क्षणी तात्या उकळता पाक थोडा थंड पाण्यात टाकतात, बोटानं त्याची गोळी करतात आणि ती ताटलीवर मारतात. टण असा आवाज येतो. बघणाऱ्याला पटेल अशी खूण हीच, असं मला वाटलं होतं.

तात्या म्हणाले, "आगं, हितं कुठं तयार झाला? हितं तर मी नुसता ताळा बघालोय. तयार झालेला मला आधीच कळलाय."

"कधी कळलं?"

"मी त्याला बास म्हनलो की गं तवा."

मी मागं नेलं. ९ मिनिटं ५२ सेकंद. तात्या काहिलीच्या काठाशी वाकलेले, हातात काही नाही, झारा बाजूला टेकवलेला. ते खाली न बघता म्हणतात, "बास." खालून अण्णांचा आवाज येतो, "साकु." साकु म्हणजे पुरे. चिपाडं टाकायची थांबतात. हे दोन शब्द मी लिहूनसुद्धा घेतले नव्हते. जाळाचं काहीतरी बोलणं असेल म्हणून सोडून दिले होते. आणि आधणाचा सगळा निर्णय त्या दोन शब्दांत होता.

कारण असं. घट्ट ढेपेसाठी पाक ११६ ते ११८ अंशांच्या आसपास उतरवावा लागतो. काकवी हवी असेल तर १०५ च्या जवळच थांबतात. शेवटच्या टप्प्यात पाणी जवळजवळ संपलेलं असतं, त्यामुळं पारा भराभर चढतो, आणि काहिलीखाली निखारे असतातच. जाळ थांबवला तरी ताव चढतच राहतो. गोळी टणकन वाजेपर्यंत जाळ चालू ठेवला तर ओतेपर्यंत गूळ करपून काळा पडणार. म्हणून गुळव्याला ४१ सेकंद आधी कळावं लागतं. कशावरून कळतं, हे तात्यांनी बोटानं दाखवलं. आधी बुडबुडे मोठे, फुटताना उडणारे. मग ते लहान होतात, एकमेकांना धरून राहतात आणि फुटायच्या ऐवजी बसतात. आवाजही बदलतो. खळखळ जाऊन गदगद येते. "कानानं आधी कळतंय, डोळ्यानं नंतर," ते म्हणाले.

मी टॅबलेट घेऊन तिथंच बसून राहिले. माझ्या ५८ खुणांपैकी बहुतेक सगळ्या हाताच्या हालचालीवर होत्या: झारा उचलला, चुना घातला, काहील उतरवली. हात चालतो तिथं कॅमेऱ्याला दिसतं, म्हणून मी तिथंच खूण घालत गेले होते. पण गुळव्याचं काम हात चालायच्या आधी झालेलं असतं.

म्हणून तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक खुणेला दोन वेळा दिल्या आहेत. एकीला नाव 'चाहूल', दुसरीला 'हात'. मेटाडेटा प्रकारच्या, म्हणजे पडद्यावर न दिसणाऱ्या, ट्रॅकमध्ये क्यूचा मजकूर म्हणून जेसन, म्हणजे कोडला वाचता येईल अशी मांडलेली माहिती, ठेवता येतो. त्यात दोन्ही वेळा, काहिलीवरची जागा टक्केवारीत, आणि मराठी-कन्नड दोन्ही भाषांतला मजकूर. चाहुलीच्या वेळी पडद्यावर एक अक्षरही येत नाही. तात्या जिकडं बघतायत त्या जागेभोवती नुसतं पातळ कडं उमटतं. मजकूर येतो तो हाताच्या वेळेला. मधला वेळ बघणाऱ्याचा. त्यात त्यानं स्वतः बुडबुडे बघावेत, कान द्यावा. हवं तर आधीही दाबून वाचता येतं, पण मी त्याला घाई करत नाही. घरच्यांना दाखवलं तेव्हा मावशी या वेळी वाचत बसली नाही. ती १० मिनिटांच्या आसपास पडद्याजवळ सरकली आणि म्हणाली, "आता बसायला लागले बघ."

कडं उमटवायला आधी टाइमअपडेट वापरत होते. व्हिडिओ चालताना वेळ सरकल्याची वर्दी देणारा तो इव्हेंट ब्राउझरच्या मर्जीनं येतो, बऱ्याचदा पाव सेकंदानं, त्यामुळं कडं गचके खात सरकायचं. आता कडं उमटवणं-मिटवणं क्यू बदलला की येणाऱ्या क्यूचेंजवर, आणि झाऱ्याबरोबर सरकणारी कडी रिक्वेस्टव्हिडिओफ्रेमकॉलबॅकवर, म्हणजे प्रत्येक फ्रेमची नेमकी वेळ हातात येते. कॅमेरा तिपाईवर पक्का होता म्हणून काहिलीचा लंबगोल जागचा हलत नाही. नाहीतर हे काम दहापट झालं असतं. चित्रण करणाऱ्यांना माझं एवढंच कळकळीचं सांगणं: तिपाई न्या, आणि वाफ धरते म्हणून भिंग पुसायला सुती फडकं न्या.

आवाजाचं मात्र कडं काढता येत नाही. खळखळ आणि गदगद यातला फरक शब्दांत सांगून उपयोग नाही. म्हणून सहा-सहा सेकंदांचे दोन तुकडे कापून शेजारी ठेवले आहेत, बटण दाबलं की एकामागून एक वाजतात. मोबाईलच्या स्पीकरवर फरक पुसट होतो, इअरफोन लावला की स्पष्ट. बटणं ४४ पिक्सेलची केली. आधी लहान होती आणि बोटाखाली दोन्ही दबायची.

बास आणि साकु

आता ते दोन शब्द एकाच क्यूमध्ये आहेत. वेबव्हीटीटीत बोलणाऱ्याची खूण वेगळी घालता येते आणि ओळीतल्या तुकड्याला भाषाही देता येते, त्यामुळं 'साकु' कन्नड लिपीत आणि कन्नड फॉन्टमध्ये येतो, 'बास' आपल्या लिपीत. मराठी ट्रॅकमध्ये साकुचं भाषांतर केलेलं नाही, कन्नड ट्रॅकमध्ये बासचं करणार नाही. आमच्याकडं बाजारात, एसटीत, शेतात बोलणं असंच चालतं, आणि गुऱ्हाळावर कुणी कुणाला अर्थ विचारत नाही. अर्थ हवा असेल त्यानं शब्दावर बोट ठेवावं, तिथं तो आहे.

अडलेलं काम सांगते. पूर्ण पडदा. व्हिडिओलाच पूर्ण पडद्यावर नेलं तर कडी मागंच राहतात, म्हणून व्हिडिओ आणि कडी दोन्ही जिच्यात आहेत त्या सगळ्या चौकटीला नेते. पण आयफोनवर नुसता व्हिडिओच पूर्ण पडद्यावर जातो, तिथं चौकट नेता येत नाही. सध्या आयफोनवर ते बटणच काढून टाकलंय आणि व्हिडिओ पानातच चालावा म्हणून प्लेज-इनलाइन लावलंय. यावर कुणी नीट वाट काढली असेल तर मला खरंच ऐकायचंय.

एखादी खूण कुणाला पाठवायची तर पत्त्याच्या शेवटी हॅशचं चिन्ह, टी, बरोबरचं चिन्ह आणि सेकंद. मीडिया फ्रॅगमेंट्सची ही पद्धत डब्ल्यूथ्रीसीनं २०१२ मध्ये ठरवून दिली आहे, आणि पुढं कधी या खुणा दुसऱ्या साधनात न्यायच्या झाल्या तरी ती चालेल. माझ्या पानात तो पत्ता चाहुलीवर उघडतो, हातावर नाही.

कन्नड ट्रॅकच्या ५८ पैकी ३४ क्यू झाले. उरलेले अण्णांसमोर बसून करायचेत, कारण जाळाचे त्यांचे शब्द माझ्या शब्दकोशात सापडत नाहीत. चुलाणाच्या तोंडाशी ते कशावरून ताव ओळखतात, याची एकही चाहूल अजून माझ्या पट्टीवर नाही. पुढच्या रविवारी सकाळी सातचं आधण आहे. तेव्हा दुसरी तिपाई खाली, त्यांच्या बाजूला लावणार आहे.