पाखाडी उतरले आणि पाय भरून आले – माझा अनुभव

पोलीस भरतीची तयारी करतेय. मुलींचं ग्राउंड ५० मार्कांचं, ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, त्यातले २० मार्क एकट्या ८०० ला. म्हणून ओहोटी बघून रत्नागिरीजवळच्या भाट्येच्या समुद्रकिनाऱ्यावर ओल्या कडक वाळूत पळायचं हे रोजचंच. पाय अजून मजबूत व्हावेत म्हणून एका रविवारी घराजवळच्या पाखाडीवर गेले, जांभ्याच्या उंच उंच पायऱ्या, १० फेऱ्या मारल्या, चढताना दम लागायचा म्हणून हळू आणि उतरताना मात्र धावत. संध्याकाळी काही नाही, मस्त जेवून झोपले.

सोमवारी मांड्या जरा जड. मंगळवारी उठले तर अशा भरून आलेल्या की न्हाणीत खाली बसता येईना, एसटीतून उतरताना दांडा घट्ट धरून एकेक पाय आडवा टाकत उतरले. चढायला तेवढं नाही, उतरायलाच जीव जात होता.

ग्राउंडवर एकाने सांगितलं लॅक्टिक ॲसिड साचलंय, दाबून काढावं लागतं. मालिश करणाऱ्या एका बाईंकडे गेले, त्यांनी कोपराने इतकं रगडलं की डोळ्यात पाणी आलं, मला वाटलं दुखतंय म्हणजे निघतंय. बुधवारी मांडीवर काळेनिळे डाग आणि दुखणं डबल. राग आला मला, कारण आमच्यासारख्या कितीतरी पोरी असंच कुणीतरी सांगितलं म्हणून करतात.

मग फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्या म्हणाल्या लॅक्टिक ॲसिड वगैरे व्यायाम थांबवल्यावर तास-दीड तासात निघून जातं, दोन दिवसांनी दुखतं ते त्याने नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अख्ख्या अंगाचा भार ब्रेकसारखा धरून ठेवतो, त्यात त्याच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते आणि सूज येते, म्हणून २४ ते ७२ तासांत दुखणं सगळ्यात जास्त. मालिशने दुखणं थोडं कमी वाटतं, पण झालेली इजा काही पुसली जात नाही. हलकं चालत राहा म्हणाल्या, आणि एक बजावून सांगितलं, एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर चोळायचं नाही, रक्ताची गुठळी असू शकते, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट न बघता डॉक्टरकडे.

डाग गेल्यावरच आजीने तेल लावलं, तोवर नाही. वाटीत खोबरेल कोमट केलं, घोट्यापासून वर गुडघ्यापर्यंत आणि मग मांडीला, नुसता तळहात फिरवायची, कोयता धरून घट्टे पडलेला हात पण दाब इतका बेताचा. म्हणाली, "श्वास रोखून धरू नको गो, दुखलं तर सांग, हात हलका करते." दहाएक मिनिटं झाली असतील, मला तिथेच झोप लागली.

दोन आठवड्यांनी परत पाखाडी. ताईंनी सांगितल्यासारखं आधी ३ फेऱ्या, दोन दिवस सोडून ५, मग १०, उतरताना चालत. १० फेऱ्यांनंतर दुसऱ्या दिवशी थोडं जडपण, तिसऱ्या दिवशी पळायला गेले पण. एकदा तो भार सोसला की स्नायू पुढच्या वेळी सावरतो, हे त्यांनी सांगितलेलं, आणि मला ते अगदी जाणवलं.

त्या रात्री आजीने तेल तापवून आणलं, मी म्हटलं आज नको गं आजी, तर म्हणाली मग माझे पाय चोळ. बसले चोळत.