गळा देवाचा, मग साथीदार कशाला?

कार्यक्रम संपला की विंगेत एखादे बाबा किंवा आई गाठतात आणि विचारतात, "आमची पोरगी तर उपजतच सुरात आहे, कोणी शिकवलंही नाही. मग एवढे वादक, तालमी, तो संयोजक काहून पाहिजे? ट्रॅक लावला की झालं ना?" नागपुरात हौशी गायकांची संख्या मोठी. सायंटिफिक सभागृहापासून गल्लीतल्या गणेश मंडळापर्यंत कराओके पोचलंय. तेव्हा प्रश्न चुकीचा नाही. पण विंगेत सामान आवरता आवरता त्याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून इथे नीट लिहितो.

ज्याचा गळा मेहनतीने तयार झालेला असतो, त्याला आपण कुठे अडतो ते ठाऊक असतं. उपजत गळ्याला कुठे अडलेलंच नसतं. मुरकी घ्यावीशी वाटली की येते, वरचा सूर लावावासा वाटला की लागतो. त्यामुळे गाण्यात काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्नच त्याला पडत नाही. तो त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी पडावा लागतो. साथीदार, संगीतकार आणि संयोजक (कोणतं वाद्य कुठे वाजेल हे ठरवणारा) यांचं मुख्य काम हे आहे. भरीव साथ वगैरे त्यानंतर.

सुरुवात पट्टीपासून, म्हणजे सा कोणत्या सुरावर धरायचा इथपासून होते. घरी गाणारी मुलगी मूळ रेकॉर्डच्याच पट्टीत गाते, कारण कानात तीच बसलेली असते. समजा गाणं मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत फिरतं. काळी चारला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुरावर, सा धरला तर खालचा पंचम काळी दोनवर येतो आणि वरचा गंधार पांढरी एकवर. घरचे सगळे वरच्या गंधाराकडे कान लावून बसतात आणि तो लागला की टाळ्या. खालचा पंचम कोणी ऐकतच नाही. बैठकीच्या खोलीत तो ऐकू येतो, पण माइकवर, तबल्याच्या बायाखाली, म्हणजे डग्ग्याच्या आवाजाखाली, तिथले शब्द चक्क गायब होतात. मुखडाच खाली असेल तर गाण्याची पहिली ओळच श्रोत्यांपर्यंत पोचत नाही. संवादिनीवाला, म्हणजे पेटीवाला, म्हणतो, पांढरी सहा करून बघू, मग काळी पाच. काळी पाचला खालचा पंचम पांढरी चारवर येतो आणि शब्द मोकळे होतात. आता वरचा गंधार पांढरी दोनवर गेला, तो झेपतो का ते बघायचं. आणि हे बघायचं तालमीच्या शेवटी, तासभर गाऊन झाल्यावर. ताज्या गळ्यावर ठरवलेली पट्टी कार्यक्रमातल्या सातव्या गाण्याला दगा देते. आमचा साधा नियम असा : गाण्यातला जो सूर धरून ठेवायचा आहे, तो गळ्याच्या कमाल मर्यादेपेक्षा निदान एक पूर्ण स्वर खाली हवा. नुसता स्पर्श करून यायचं असेल तर अर्धा स्वर चालतो.

वर कोणतं अक्षर येतं, तेही बघावं लागतं. तार सप्तकात 'आ' उघडा लागतो, पण 'ई' आणि 'ऊ' चिमटल्यासारखे होतात. चांगला संगीतकार चाल बांधतानाच वरच्या मुक्कामाला 'आ'सारखं उघडं अक्षर येईल असं बघतो. तयार चालीत ते जमलेलं नसेल तर मुक्काम एक अक्षर अलीकडे किंवा पलीकडे सरकवायचा. श्रोत्याला कळतही नाही आणि गायिकेचा चेहरा आक्रसत नाही.

आता सुराकडे येऊ, कारण इथे चांगला गळा चांगल्या साथीमुळेच बिघडू शकतो. तानपुऱ्यावर वाढलेला कान शुद्ध गंधार स्वयंभू, म्हणजे तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येतो तसा, लावतो. संवादिनी मात्र समान अंतरांत बांधलेली आहे. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर पेटीचा शुद्ध गंधार षड्जापासून, म्हणजे सा पासून, 400 सेंटवर असतो आणि स्वयंभू गंधार साधारण 386 वर. म्हणजे पेटीचा गंधार 14 सेंट चढा. शुद्ध धैवतात हाच फरक सोळाच्या आसपास जातो. गायिका गंधारावर स्थिरावली आणि पेटीवाल्याने तो सूर खालून दाबून धरला, तर दोघांत लाटा उठतात. मग उपजत कानाची मुलगी काय करते? पेटीला शरण जाते आणि हळूच वर सरकते. सहा महिने अशी साथ मिळाली की तिचा मूळचा सुरेख गंधार गेला म्हणून समजा. जाणता संवादिनीवादक त्या क्षणी बोट उचलतो, भाता हलका करतो, फक्त षड्ज-पंचम ठेवतो आणि ती पुढे सरकली की पुन्हा मागोमाग जातो. न वाजवणं ही त्याची कला असते, आणि बिदागी देणाऱ्याला ती दिसत नाही हे त्याचं दुर्दैव.

मागोमाग किती अंतराने, यालाही हिशेब आहे. आलापात साथ गायकाच्या अर्ध्या श्वासाने मागे हवी. बंदिशीच्या किंवा गीताच्या बांधलेल्या ओळीत बरोबर. गायिका थांबली की तिच्याच शेवटच्या वाक्याची शेपटी धरायची, नवीन कल्पना काढायची नाही. काढली तर पुढच्या खेपेला ती त्याच कल्पनेला उत्तर देत बसते, आणि तिच्या डोक्यात जे येणार होतं ते येतच नाही. तिची जागा घेणं म्हणतात ते हे.

लयीचं दुखणं वेगळं. एकट्याने गाणारे बहुतेक लोक हळूहळू पळतात. 84 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 84 मात्रांनी, सुरू केलेला दादरा तिसऱ्या अंतऱ्यापर्यंत 92 वर जातो आणि गाणाऱ्याला वाटतं गाणं रंगलं. तबलजीने इथे सरळ ठेका, 'धा धी ना, धा ती ना', न सजवता धरून ठेवायचा असतो. आणि इथेच सर्वांत मोठी चूक होते : प्रेमळ तबलजी. गायिका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, लवकर आली की तो ठेक्यातली अर्धी मात्रा गुपचूप गिळतो आणि तिला सावरून घेतो. मंचावर हे करायलाच हवं, तो त्याचा धर्म आहे. पण तालमीतही तेच केलं तर तिला आपण चुकतो हेच कळत नाही. पुढे दुसऱ्या शहरात दुसरा तबलजी भेटतो, तो सरळ वाजवतो, आणि मुलगी उघडी पडते. मंचावर झाकायचं आणि तालमीत उघडं करायचं, हे भान ज्याला आहे तो साथीदार.

तिहाईचंच बघा, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येण्याचं. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून उचलून पुढच्या समेवर यायचं तर एकूण 17 मात्रा भरायच्या : पाच, एक सोडून पाच, एक सोडून पाच. शेवटचं अक्षर समेवर. अंदाजाने गाणारा गळा पाचाचे तुकडे अचूक घेतो आणि मधली सोडलेली मात्रा खातो. एक खाल्ली की सम एक मात्रा अलीकडे, दोन्ही खाल्ल्या की दोन. गळ्यात काहीच दोष नाही, थांबायची सवय नाही एवढंच. त्यावर उपाय म्हणजे तबलजीने त्या रिकाम्या मात्रेवर बायावर हलका घुमारा द्यायचा आणि चार-पाच दिवसांनी तो काढून घ्यायचा.

नागपूरच्या हवेबद्दल लिहिलं नाही तर इथले वादक रागावतील. मे महिन्यात तालीम कूलरच्या खोलीत होते. कूलरच्या ओल्या वाऱ्याने तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैलावते आणि सूर उतरतो. मग तेच तबले वातानुकूलित सभागृहात नेले की कोरड्या हवेत पुडी ताणते, सूर चढतो. म्हणून तबले निदान अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवायचे आणि पडदा उघडण्यापूर्वी पुन्हा लावायचे. बासरीला तर हवेच्या तापमानाचा थेट फटका : एका अंशाला साधारण तीन सेंटचा हिशेब. फुंकर गरम असल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, पण डिसेंबरच्या रात्री उघड्या मैदानावर बासरी उतरलेली असते ती असतेच. बासरीवाला वाजवण्यापूर्वी बासरी काखेत धरून का बसतो, ते आता कळलं असेल. हे सगळं आधी कोणी सांभाळलं नाही, तर मंचावर चार वेगवेगळे षड्ज ऐकून सुरेल मुलगीच गोंधळते आणि लोक म्हणतात, आज हिचा आवाज लागला नाही.

काळी चारच्या गायिकेबरोबर काळी दोनचा तबला पंचमात छान बसतो. पण मालकंसासारखा पंचम नसलेला राग आला तर तो चालत नाही, मध्यमातला, म्हणजे काळी एकचा तबला लागतो. कार्यक्रमाची यादी तबलजीला आदल्या दिवशी द्या, ती यासाठी.

संयोजकाबद्दल लोकांचा समज असा की तो गाण्यात वाद्यं घालतो. खरं म्हणजे तो आवाजाच्या वाटेतून वाद्यं बाजूला करतो. व्हायोलिन आणि बासरी ज्या सप्तकात गायिका गाते त्याच सप्तकात वाजत राहिली तर आवाज बारीक वाटतो, मग ध्वनीवाला आवाज वाढवतो, मग सगळंच ओरडतं. बासरी एक सप्तक वर न्यायची किंवा ओळ संपेपर्यंत गप्प ठेवायची. दोन अंतऱ्यांमधली जागाही मोजून द्यावी लागते. 80 च्या लयीत 16 मात्रा म्हणजे 12 सेकंद. एवढ्यात गायिकेचा श्वास बसतो, पाण्याचा घोट होतो आणि श्रोत्याला अंतरा पचतो. आठ मात्रांत हे होत नाही; बत्तीस दिल्या तर श्रोता मोबाइल काढतो.

गझलेत तर शब्दवाल्याचा सल्ला सर्वांत मोलाचा. गझलकार सुरेश भट या गावात राहिले, त्यांच्या नावाचं सभागृह रेशीमबागेत आहे, तेव्हा इथला श्रोता शेराला दाद देणारा. शेराची पहिली ओळ अपेक्षा निर्माण करते, दुसरी ती फेडते. म्हणून पहिली ओळ दोन-तीनदा, दर वेळी वेगळी वळवून घ्यायची आणि दुसरी साधी, सरळ, शब्द स्पष्ट ठेवून टाकायची. जन्मजात फिरत असलेला गळा नेमकं उलट करतो : पहिली ओळ पटकन उरकतो आणि काफियावर, म्हणजे यमकाच्या शब्दावर, सगळ्या हरकती ओततो. श्रोत्याला शब्दच कळत नाही, मग दाद कशाला देणार? गळ्याला 'वाहवा' मिळते, शेराला मिळत नाही, आणि गायकाला दोन्हींतला फरक जाणवत नाही. हे सांगायला कवीच हवा असं नाही, निवेदकही सांगू शकतो. पण कोणीतरी कागदावर त्या ओळीपुढे लिहून द्यावं लागतं : इथे काही करू नको.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही गोष्ट वेगळी नाही. सिव्हिल लाइन्समधलं सभागृह ज्यांच्या नावाने उभं आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले. पुढे अनेक गुरूंकडून घेतलं, पण कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत ते बसले नाहीत. त्यांची अफाट बुद्धी आणि चपळ गळा सगळ्यांना माहीत होता. नोकरी मात्र वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात. मग नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनी 'कट्यार काळजात घुसली' लिहिलं, जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिलं आणि 1967 साली खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव उभे राहिले. नाटकाचा विषयच दोन गायकींचा संघर्ष. त्यामुळे अभिषेकींना खाँसाहेबांच्या चाली आणि पंडितजींच्या चाली वेगळ्या वळणाच्या ठेवाव्या लागल्या. मैफलीत ज्या गळ्याला घराण्याचं लेबल लावता येत नव्हतं, त्याला इथे एक माणूस, त्याचा अहंकार आणि नाट्यपदाची मोजकी मिनिटं मिळाली. वसंतराव आधीही मोठेच गायक होते. पण महाराष्ट्राच्या घराघरांत ते पोचले ते लेखक आणि संगीतकार यांनी आखून दिलेल्या त्या चौकटीतून, असं माझं स्पष्ट मत आहे.

तालमी किती? साध्या कार्यक्रमाला दोन बैठका पुरतात, पण त्यांची कामं वेगळी. पहिलीत फक्त पेटी आणि तबला. गाणी सपाट गायची, एकही हरकत नाही, श्वासाच्या जागी कागदावर पेन्सिलीने खूण. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचं. लगेच ऐकलं तर कानात अजून आपलाच आवाज घुमत असतो, काही कळत नाही. दुसऱ्या बैठकीत सगळी वाद्यं आणि हरकती, पण एका अंतऱ्यात एकच मोठी. सल्ला देणारा माणूसही एकच ठेवा. आई, मावशी, संयोजक आणि तबलजी असे चौघे एकदम बोलू लागले की मुलगी सगळ्यांचं ऐकते आणि गाणं कोणाचंच राहत नाही.

एकच साथीदार परवडत असेल तर? तबलजी घ्या. तानपुरा मोबाइलच्या अ‍ॅपवर बऱ्यापैकी मिळतो, सूर तेवढ्यावर निभतो; पण 'तू पळते आहेस' हे अ‍ॅप सांगत नाही. पहिल्या बैठकीत त्याने तिला एकदाही थांबवलं नाही तर दुसरा बघा. आणि ट्रॅकच वापरायचा असेल तर पट्टी फार तर एका पूर्ण स्वराने वर-खाली करा, त्यापलीकडे वाद्यांचा आवाज पत्र्यासारखा होतो. शिवाय मॉनिटरमध्ये ट्रॅक मोठा आणि स्वतःचा आवाज थोडा कमी ठेवा. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही, तेव्हा तो नीट ऐकू आलाच पाहिजे.