मामाचा छापखाना, तीन कॉम्प्युटर आणि एक 'ऱ्या'

मामाचा सांगलीत छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं असली कामं. तिथं डिझाइनवाल्या ताईंचा एक जुना मॅक, नवीन घेतलेला विंडोज ११ प्रोचा पीसी ज्यावर कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर चालतं, आणि कोपऱ्यात एक जुनाट डेस्कटॉप, ज्यात मीच कधीतरी लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) टाकून मोठी हार्डडिस्क बसवली होती, सगळ्या फाइल्स एका जागी राहाव्यात म्हणून. आधीचा विंडोजवाला पीसी होता तोवर निवांत चाललं होतं. नवा आला आणि शेअर, म्हणजे त्या डेस्कटॉपवरचा सगळ्यांनी वापरायचा फोल्डर, उघडेना. लग्नसराई तोंडावर, ऑपरेटर पोरगा पेनड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळतोय, आणि मामाचा फोन, "भाचेराव, तुम्हीच बसवलंय, तुम्हीच येऊन निस्तरा."

गेलो शनिवारी. विंडोजवर नेटवर्क उघडलं तर मिंट दिसतच नाही, आणि वर पत्त्याच्या पट्टीत मशिनचं नाव टाकलं की एरर झिरो-एक्स-८००७००३५, म्हणजे नेटवर्क पाथ सापडला नाही. हा एरर म्हणजे डॉक्टरला "बरं वाटत नाही" सांगण्यातला प्रकार, नाव चुकलं, केबल निघाली, पोर्ट बंद, काहीही झालं तरी हाच. शोधलं की पहिला सल्ला हमखास "एसएमबी १ चालू करा". एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत, १ ही तिची जुनी आवृत्ती. अजिबात करू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या एसएमबी १ मधल्या भोकातून, आणि त्याच वर्षीच्या विंडोज १० च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ते नव्या इन्स्टॉलमध्ये डीफॉल्टला देणं बंद केलं. यादीत मशिन दिसायचं ते त्या जुन्या पद्धतीमुळे, ती गेली म्हणून दिसत नाही एवढंच. यादीत दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं, हे कळायला मला अर्धा दिवस गेला. मिंटवर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज टाकलं की यादीतही दिसायला लागतं, ते मी नंतर टाकलं.

मग नाव सोडून थेट मिंटचा आयपी (नेटवर्कवरचा नंबर) \\१९२.१६८.१.२० टाकलं. तोच एरर. पिंग, म्हणजे मशिन जागं आहे का बघणारी हाक, मात्र जातोय. इथं पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड कामी आली, तिला आयपी आणि पोर्ट ४४५, म्हणजे शेअरचं दार, दिला तर उत्तर 'फॉल्स'. पिंग गेला म्हणजे दार उघडं असं नाही, नुसतं घरात कोणीतरी आहे एवढंच कळतं. आणि दार कोणी लावलं होतं? मीच! दिवाळीत आलो होतो, जुना पीसी तेव्हा बंद पडलेला, मिंट अपडेट करता करता सेफ्टी म्हणून फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत) ऑन करून गेलो होतो. ताईंना विचारलं, तुमच्या मॅकवरून तरी उघडत होतं का, तर म्हणाल्या, "नाही, दिवाळीपासून नाहीच उघडत, मला वाटलं तुम्ही काढून टाकलं." म्हणजे इतके दिवस त्याही पेनड्राइव्हवर आणि कोणी कोणाला बोललं नाही. फायरवॉलमध्ये सांबाला परवानगी दिली, एका ओळीचं काम, मॅकवर कमांड-के दाबून पत्ता टाकला आणि लगेच उघडलं.

(सांबा म्हणजे लिनक्सवरून विंडोजशी बोलणारं सॉफ्टवेअर. ते लिहिणाऱ्या अँड्रू ट्रिजेलने डिक्शनरीत एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द शोधले, त्यातून हे नाव निघालं. मामाने ऐकलं 'सांब' आणि म्हणाला, "मग नारळ फोडायला पाहिजे.")

विंडोजवर आता नवीन मेसेज, की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीने गेस्ट अ‍ॅक्सेस अडवलाय. मामा खांद्यावरून वाचत होता. "कसली ऑर्गनायझेशन? छापखाना माझा आहे, मी कुठं अडवलंय?" तर झालंय असं की मी आळशीपणाने शेअर बिनपासवर्डचा ठेवला होता, जुन्या पीसीला ते चालायचं, पण विंडोज ११ च्या २४एच२ या अपडेटपासून प्रो मध्येही असं गेस्ट म्हणून शिरणं डीफॉल्टला बंद आहे. रजिस्ट्रीत जाऊन ते उघडता येतं, पण मी म्हटलं एकदाच नीट करू. मिंटवर 'प्रेस' नावाचा यूजर केला. इथं एक गंमत आहे, लिनक्सचा पासवर्ड आणि सांबाचा पासवर्ड वेगळे असतात, एसएमबीपासडब्ल्यूडी ही कमांड देऊन तो वेगळा घालावा लागतो, ते मी विसरलो आणि वीस मिनिटं बरोबर पासवर्ड टाकून चुकीचा ऐकत बसलो. त्यात ऑपरेटर पोरगा आपला विंडोजचा पिन टाकत होता. शेवटी क्रेडेन्शियल मॅनेजरमधली, म्हणजे विंडोज पासवर्ड साठवतं तिथली, जुनी नोंद उडवली, रीस्टार्ट केलं, मग आत शिरलो.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली, आली, आणि शेअर परत गायब. राउटरने मिंटला २० च्या जागी २३ नंबर दिलेला. राउटरमध्ये आयपी रिझर्व्ह करून टाकला, हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

परमिशनची भानगडही झाली, ताईंनी सेव्ह केलेली फाइल पोराला फक्त वाचता यायची. दोघांना एका ग्रुपमध्ये टाकून सांबाच्या सेटिंगमध्ये फोर्स ग्रुप आणि क्रिएट मास्क ०६६४ केलं, जुन्या फाइल्सचा ग्रुप हाताने बदलला, मिटलं.

खरी मजा शेवटी. शेअरमध्ये 'कोऱ्या पावत्या' नावाचे दोन फोल्डर. एकाच जागी, अक्षर न अक्षर सारखं नाव. असं होऊच शकत नाही ना? पोराने त्यातला चुकीचा उघडून एका दुकानाची पावती जुन्या फोन नंबरसकट प्रूफला काढली होती, म्हणून लक्षात आलं. मिंटवर नावांचे बाइट काढून बघितले तर एकात ऱ हे एकच अक्षर, आणि दुसऱ्यात र आणि त्याखाली नुक्ता (ठिपका) असे दोन तुकडे. जुन्या मॅकची एचएफएस प्लस पद्धतीची डिस्क नावं अशी सुटी करून ठेवते, आणि तो डेटा मागे मीच आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडने जसाच्या तसा मिंटवर ओढला होता. विंडोजवर टाइप केलेलं नाव मात्र जोडलेलं. आपल्याला 'ऱ्या' एकच दिसतो, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. दोन्हीतल्या फाइल्स तारखा बघून हाताने एकत्र केल्या, बाकीच्या नावांवर कॉन्व्हएमव्ही हे सुटी नावं जोडून देणारं टूल चालवलं, तर 'ऱ्या' असलेली बरीच नावं अशीच सुटी निघाली.

मामाला हे समजावत होतो. त्याने तरुणपणी छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवलेत. म्हणाला, "आमच्या वेळी चुकीचा खिळा बसला तर छापल्यावर दिसायचा तरी. ह्यात दिसतच नाही?" मग जरा विचार करून पोराला हाक मारली, "ए, त्या फोल्डरचं नाव ब्लँक पावत्या कर रे."