महालक्ष्म्यांचे बटणहार: काम कुठवर आलं

यंदा भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांसाठी (गौरींसाठी) दोन हार करायला घेतले आहेत, एक ज्येष्ठेचा, एक कनिष्ठेचा. सामान म्हणाल तर शिंपल्याची जुनी बटणं आणि काचेचे बारीक मणी. ज्येष्ठेचा हार गळ्यात घालण्याजोगा झालाय, फक्त मागची दोरी राहिली. कनिष्ठेची मधली बटणं मढवून, म्हणजे कडेभोवती मण्यांची चौकट विणून, झालीत. श्रावण लागलाय, म्हणजे हातात वेळ आहे, पण फार नाही.

बटणं नागपूरच्या इतवारी बाजारात मिळाली. शिवणकामाच्या सामानाच्या एका दुकानात मागच्या फळीवर जुन्या मालाचा खोका होता. काका म्हणाले, "ताई, हा माल आता कोणी विचारत नाही. न्यायचा तर ग्रोसनेच न्या." एक ग्रोस म्हणजे १४४ नग. मी आनंदाने घेतला. खरा शिंपला ओळखायला सोपा आहे: गालाला लावला की गार लागतो, प्लास्टिक लागत नाही. शिवाय पाठीमागून पाहा, बऱ्याच बटणांवर कवचाची तपकिरी साल थोडी राहिलेली असते. पोकळ गोल करवतीने कवचातून चकत्या कापायच्या, मग घासून भोकं पाडायची, अशी ही बटणं होत. अमेरिकेत मस्कटीन गावी बोपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ मध्ये मिसिसिपीच्या शिंपल्यांवर हाच उद्योग सुरू केला आणि ते गाव बटणांसाठीच नावारूपाला आलं. पुढे प्लास्टिकने सगळीकडचाच धंदा बसवला.

घरी आईंना (सासूबाईंना) जरा शंका होती. "देवीला बटणं?" मी एक बटण त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात फिरवून पाहिलं, गुलाबी-हिरवी झाक बघितली आणि म्हणाल्या, "शिंपलाच की हा. लक्ष्मी समुद्रातूनच आली. कर तू."

आता मुद्द्याचं. बटण मढवताना आपण सगळ्या त्याचा चेहरा बघून निवड करतो. माझं मत आता पक्कं झालंय की आधी कड बघावी. कड सरळ उभी असेल तर मण्यांचा फेर तिच्यावर घट्ट बसतो. कड घासून गोल केलेली असेल तर फेर वर सरकतो, आणि पुढून-मागून दोन्हीकडून आवळल्याशिवाय बटण धरत नाही. हारासाठी मी म्हणूनच जाड, उभ्या कडेची ३२ लाइनची बटणं वेगळी काढली. लाइन हे बटणाच्या रुंदीचं माप, ४० लाइन म्हणजे एक इंच, तेव्हा हे बटण साधारण २० मिलिमीटरचं. त्याला ११ नंबरच्या मण्यांचा (नंबर जितका मोठा, मणी तितका बारीक) पहिला फेर ४६ मण्यांचा बसतो. बटण जाड-पातळ असेल तसे ४४ किंवा ४८, पण संख्या समच हवी, कारण पुढच्या फेरात एक मणी सोडून एक टाका येतो. ते पहिले ४६ मणी वर-खाली होऊन दोन ओळी बनतात, तिसऱ्या ओळीत २३ मणी. मग पुढच्या बाजूने १५ नंबरच्या मण्यांचा एक फेर ओढून घ्यायचा. तो आवळला की मण्यांची सगळी कड आत झुकते आणि बटणाला मिठी मारते. हा क्षण मला सगळ्यात आवडतो. त्यानंतर बटण उलटं करून मागूनही तसाच एक फेर.

चार भोकं उघडी ठेवायची नव्हती. खालून सुई वर आणून एक सोनेरी मणी, शेजारच्या भोकातून खाली. असं चारी बाजूंनी करून मध्ये ८ नंबरचा एक लाल मणी बसवला. चार सोनेरी, मध्ये लाल. लांबून कुंकवाच्या टिकलीसारखं दिसतं. महालक्ष्म्या बसवल्या की बायका दारातूनच दर्शन घेतात, तेव्हा तेवढ्या अंतरावरून दिसायला हवंच.

शिंपल्याच्या भोकांची धार दोऱ्याला कापते. म्हणून शिवायच्या आधी बारीक पॉलिश पेपर सुरळी करून भोकात फिरवते, तोही पाण्यात भिजवून. कोरडं घासू नका, ती भुकटी छातीत जाणं चांगलं नाही. बटणं व्हिनेगरमध्येही टाकू नका, शिंपला चुन्याचा असतो, झाक जाते. दोरा फायरलाइनचा (मासेमारीचा विणलेला मजबूत दोरा), ६ पाउंडी, पांढरा. त्यातलाच करड्या रंगाचा दोरा मजबूत तितकाच, पण त्याचा रंग हाताला लागतो आणि पांढऱ्या शिंपल्यावर लगेच कळतो. साधा नायलॉन पावसाळ्यात टाळते. दमट हवेत तो ओल धरून सैल पडतो, आणि मढवण्यात सगळा जोर ताणाचाच आहे. सुई १२ नंबरची. १५ नंबरच्या मण्यातून तिसऱ्यांदा जाताना तीच कामी येते.

मण्यांचे रंग मे महिन्यातच पारखून ठेवले होते. प्रत्येक रंगाचे थोडे मणी कागदावर चिकटवायचे, अर्धी ओळ फॉइलने झाकायची आणि गच्चीवर ठेवून द्यायची. नागपूरचं ऊन काही लपवू देत नाही. गुलाबी आणि जांभळा उडाले. लाल, हिरवा आणि अंबर तसेच राहिले, म्हणून हारात तेच. सोनेरी मुलाम्याचे मणी घामाने उतरतात. देवीच्या हाराला ती अडचण नाही, स्वतःसाठी करणार असाल तर विचार करा.

दोन हार हुबेहूब व्हायला हवेत, आणि खरी मेहनत तिथेच आहे. एकाच रंगाच्या दोन पुड्यांमध्येही छटा बदलते, म्हणून सुरुवातीलाच पुड्या एका ताटात ओतून मिसळल्या. आपल्याकडच्या मण्यांत जाड-बारीक फार असतं. मियुकी किंवा तोहोचे जपानी मणी एकसारखे येतात, पण मला देशी मण्यांतले बारीक चपटे नग हवेच असतात: फेर अर्ध्या मण्याने अडला की असा एक घालून जुळवता येतो. ते वेगळ्या डबीत जमा करते. बटणांची झाकही जोडीने लावली. उजेडाकडे धरून ज्येष्ठेच्या तिसऱ्या बटणाला कनिष्ठेचं तिसरं जुळतंय ना, असं एकेक.

दोन बटणांमध्ये तीन पदर ओवलेत, मधला पदर ८ नंबरचा, बाजूचे ११ चे. मागे धातूची कडी लावायची नाही. ठुशीला असते तशी सरकती दोरी हवी, म्हणजे महालक्ष्मीच्या कोठीवर (मुखवट्याखालच्या धडावर) साडी कितीही जाड नेसवली तरी हार बरोबर बसेल. त्यासाठी पटवेकऱ्याकडे रेशमी गोफ करायला टाकणार आहे. तो हात माझा नाही, आणि त्या कामाला त्यांचाच हात शोभतो.

राहिले महालक्ष्म्यांच्या बाळांचे दोन छोटे हार. त्यांना १८ लाइनची, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आतबाहेरची शर्टाची बटणं काढून ठेवलीत. हिशेबाने पहिल्या फेराला २८ मणी येतात, पण एवढ्या लहान गोलावर ११ नंबर जाड दिसेल असं वाटतंय. सगळं १५ नंबरमध्येच करावं का? कोणी केलं असेल तर पहिल्या फेराचा आकडा आणि दोऱ्याची जाडी नक्की सांगा, भाद्रपदाच्या आत मला ते बसवायचेत.