स्कॅन इतका हळू चालवला, तरी तिकीट उघडलं गेलं

इंटर्नल पेनटेस्ट (परवानगीने आतून करून बघायची हल्ल्याची चाचणी) होती आणि क्लायंटचा प्रश्न एकच होता, कोणी आत शिरून नेटवर्क चाचपायला लागलं तर आमच्या सॉकला (सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या टीमला) कळतं का. लेखी परवानगी, स्कोप, वेळा सगळं ठरलेलं, त्यांच्याकडच्या एकाच माणसाला आम्ही येणार हे माहीत होतं.

सकाळी टीममध्ये स्कॅनच्या स्पीडवरून वाद. सहकारी म्हणाला एनमॅप या स्कॅनिंग टूलचं टी-० (सगळ्यात हळू गतीचं टेम्प्लेट) लावू, सगळ्यात गुपचूप तेच. मी म्हटलं थांब, आधी हिशोब कर. टी-० दोन प्रोबमध्ये (पोर्ट उघडा आहे का ते बघणाऱ्या पॅकेटांमध्ये) ५ मिनिटं थांबतं आणि एका वेळी एकच पोर्ट बघतं, म्हणजे डिफॉल्ट १००० पोर्टना एका मशीनसाठी ८३ तास, आणि आपल्यासमोर ३० सर्व्हर आहेत. टी-१ मध्ये १५ सेकंद, म्हणजे मशीनमागे चार तासांच्या वर. टी-२ मध्ये ०.४ सेकंद, ते साधारण सात मिनिटांत उरकतं पण डिटेक्शनच्या नजरेत ते लपणं नाहीच.

मला विचाराल तर टेम्प्लेटचा नंबर शेवटी निवडायचा, आधी समोरची डिटेक्शन सिस्टीम किती वेळाच्या खिडकीतले प्रोब एकत्र मोजते ते बघायचं. स्नॉर्ट या घुसखोरी ओळखणाऱ्या टूलच्या जुन्या पोर्टस्कॅन मॉड्यूलमध्ये सेन्सिटिव्हिटी लो असेल तर ६० सेकंदांची खिडकी, मीडियमला ९०, हायला ६००. त्या खिडकीत तुमचे किती प्रोब पडतात यावर सगळा खेळ. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे विचारायचंच कमी. १००० पोर्ट कशाला हवेत, २२, ४४३, ४४५, ३३८९, १४३३ असे कामाचे १२ घेतले तर ३० सर्व्हरना मिळून ३६० प्रोब, २० सेकंदांना एक सोडला तरी दोन तासांत काम होतं, गप्प बसणारे पोर्ट धरले तर थोडं जास्त.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात, स्कॅन-डिले (दोन प्रोबमधलं थांबणं) हा प्रत्येक होस्टपुरता, म्हणजे एकेका मशीनपुरता असतो, पूर्ण स्कॅनला लागत नाही. एकावेळी अनेक होस्ट चालू असले की वायरवर गर्दी होतेच. म्हणून आम्ही मॅक्स-रेट ०.०५ (सेकंदाला ०.०५ पॅकेट, म्हणजे २० सेकंदांना एक) लावला, तो पूर्ण स्कॅनला धरून चालतो. होस्टचा क्रम रँडम केला, पिंग बंद ठेवला आणि सोडून दिलं.

दुपारी क्लायंटच्या माणसाचा फोन. "अहो, आमच्या सॉकने तिकीट उघडलंय, तुमच्याच आयपीवर." मला खरंच आश्चर्य वाटलं, कारण ती गती कुठल्याही नेहमीच्या खिडकीत बसत नव्हती. तिकिटावरची वेळ विचारली तर ती आमचा स्कॅन सुरू व्हायच्याही आधीची निघाली! सकाळी सहकाऱ्याने स्कोप तपासायला लिस्ट स्कॅन (फक्त आयपींची यादी दाखवणारा) चालवला होता. त्यात टार्गेटला एकही पॅकेट जात नाही म्हणून तो निरुपद्रवी समजला जातो, पण एनमॅप प्रत्येक आयपीचं नाव डीएनएसला विचारतो, '-एन' (नावं विचारू नको) दिलं नसेल तर. पूर्ण सबनेटची २५६ नावं काही सेकंदांत विचारली गेली आणि मॅक्स-रेटचा त्याच्याशी काही संबंधच नाही, तो पोर्ट स्कॅन आणि होस्ट शोधण्यापुरता.

नंतरच्या बैठकीत त्यांच्या अ‍ॅनालिस्टने स्क्रीन दाखवली. एकाच लॅपटॉपवरून पीटीआर (आयपीवरून नाव विचारणाऱ्या) क्वेऱ्या, एकाखाली एक, पूर्ण सबनेटभर. ती म्हणाली, "एका लॅपटॉपला इतक्या मशीनची नावं एकदम कशाला हवीत? म्हणून उघडलं." मनापासून कौतुक वाटलं मला, कारण पोर्टस्कॅनचा एकही अलर्ट वाजलेला नसताना तिने हे पकडलं होतं. हे काम असंच करायला हवं.

मग आम्ही दोघांनी मिळून फ्लो लॉग (कोणतं मशीन कोणाशी कधी बोललं त्याच्या नोंदी) उघडले. आमचे ३६० प्रोब तिथे व्यवस्थित नोंदलेले होते, फक्त २० सेकंदांच्या अंतराने विखुरलेले, त्यामुळे कुठल्याही नियमाला ते एकत्र दिसलेच नाहीत. तिने तिथेच क्वेरी लिहिली, २४ तासांत एका सोर्सने किती वेगवेगळ्या मशीनच्या किती पोर्टना हात लावला, आणि आमचा आयपी यादीत सगळ्यात वर आला. खाली बॅकअप सर्व्हर आणि मॉनिटरिंगचं मशीन, ते दोन्ही वगळून नियम कायमचा लावला. रिपोर्टमध्ये हळू स्कॅनचं फाइंडिंग तसंच ठेवलं, पण रीटेस्टला त्याच गतीने पुन्हा चालवायचं ठरलं, यावेळी '-एन' लावून, म्हणजे फक्त नवा नियमच त्याला पकडतो का ते कळेल.