गर्टिनच्या पांढऱ्या घराची नक्कल करताना

दाभोळच्या खाडीकाठी राहत असल्यामुळे पाणी रोज डोळ्यांसमोर असते. तरीही जलरंगात ते उतरवायला बसले की माझी खाडी निळ्या पत्र्यासारखी दिसत असे. चिपळूणला ज्यांच्याकडे मी दर रविवारी शिकायला जात होते, त्या सरांनी एक दिवस माझी दहा-बारा चित्रे एकत्र पाहिली आणि सांगितले, “आता पावसाळाभर खाडी बाजूला ठेवा. गर्टिनचे पांढरे घर उतरवा, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.”

टॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकाराने १८०० साली रंगवलेले ते जलरंगचित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. संध्याकाळची टेम्स, डावीकडे पवनचक्की, दूरवर पूल आणि चर्च, सगळे करड्या-तपकिरी छायेत. आणि त्यात एकच लहानसे पांढरे घर व त्याचे पाण्यात उतरलेले प्रतिबिंब. दोनच वर्षांनी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गर्टिन वारला.

नक्कल करण्यात मला आरंभी कमीपणा वाटत होता. तो गेला, तो याच गर्टिनविषयी वाचल्यावर. तरुणपणी तो आणि त्याच्याच वयाचा चित्रकार टर्नर लंडनमधल्या चित्रसंग्राहक डॉक्टर मन्रो यांच्या घरी संध्याकाळी सहा ते दहा बसून कझेन्ससारख्या जलरंगचित्रकारांच्या चित्रांच्या नकला करीत. गर्टिन रेखाटन करी आणि टर्नर त्यावर रंगाचे थर देई. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग आणि जेवणात कालवे मिळत. कालवांचे नाव वाचून ती दोन मुले मला एकदम जवळची वाटली.

आषाढात सुरुवात केली. ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड, सुती कागदाचा अर्धा ताव फळीवर ताणून, यलो ऑकर, इंडियन रेड आणि इंडिगो एवढेच तीन रंग घेतले. आमच्याकडच्या दमट हवेत थर तासभर ओलाच राहतो, आणि तो वाळल्यासारखा वाटून त्यावर ब्रश टेकवला की पाणी मागे पसरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. दुसरे संकट ट्रंकेत होते. तिथे ठेवलेल्या कागदांतले साइझिंग, म्हणजे पाणी लगेच आत शोषू न देणारा सरसाचा लेप, ओलीने गेले होते, त्यामुळे रंग पसरण्याऐवजी टीपकागदावर शोषला जावा तसा जागच्या जागी आत गेला. तो गठ्ठा मला टाकून द्यावा लागला. उरलेले कागद मी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून चुलीजवळच्या कोरड्या फडताळात ठेवले.

खरी झुंज मात्र नखाएवढ्या त्या घराशी होती. पहिल्या नकलेत मी ते शेवटी पांढऱ्या पोस्टर रंगाने काढले, तर ते भिंतीला लावलेल्या चुन्यासारखे मेलेले दिसले, कारण तो रंग कागदावर बसतो आणि कागदाचा स्वतःचा उजेड झाकून टाकतो. दुसऱ्या वेळी ती जागा मास्किंग फ्लुइडने, म्हणजे वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने, झाकली. घर उजळले, पण कडा कात्रीने कापल्यासारख्या आल्या. मग तिसऱ्यापासून मी ती जागा नुसत्या ब्रशने चुकवत गेले, थर घराच्या कडेपर्यंत आणायचा, थांबायचे, पलीकडून पुन्हा सुरू करायचे. पाचव्या नकलेत माझ्या लक्षात आले की मी घराकडे पाहतच नव्हते, त्याच्या भोवतीच्या काठाचा करडेपणा किती गडद हवा एवढेच मोजत होते. तो एक थर वाढवला आणि ज्याला हातही लावला नव्हता ते घर एकदम पुढे आले. प्रतिबिंब त्याहून कठीण गेले. ते घरापेक्षा किंचित मळकट ठेवावे लागते, नाहीतर पाणी पाणी राहत नाही.

अशा सात नकला झाल्या. त्यांतली एकही मूळ चित्राजवळ जात नाही, पण सातवी मी जपून ठेवली आहे.

कार्तिकात धक्क्यावर बसून पहिल्यांदा पुन्हा खाडी रंगवायला घेतली. समोरच्या धोपाव्याच्या डोंगराचा पहिला थर देण्याआधीच फेरीबोटीची जागा कोरी राखली. डोंगर, काठ, पाणी असे थर चढत गेले, तोवर बोट दोनदा येऊन गेली होती. मी कागदावरची जागा तशीच पांढरी ठेवली.