बॉस्टन : तीन पेन्सची जकात आणि दहा वर्षांचा राग

बॉस्टनच्या फुटपाथवर लाल विटांची एक रेघ आहे, 'फ्रीडम ट्रेल'. तिच्या मागोमाग गेलं की 16 ऐतिहासिक ठिकाणं लागतात. मी मात्र आधी ती सोडून वॉशिंग्टन आणि एसेक्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर गेले. तिथल्या जुन्या इमारतीच्या भिंतीवर एक झाड कोरलंय. मान वर केल्याशिवाय दिसत नाही.

खरं झाड, 'लिबर्टी ट्री', इथंच होतं. फ्रान्सबरोबरचं युद्ध 1763 मध्ये संपलं तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालं होतं. म्हणून 1765 मध्ये अमेरिकन वसाहतींवर स्टॅम्पचा कायदा आला, म्हणजे छापील कागदावर कर भरून सरकारी शिक्का घ्यायचा. मृत्युपत्र, वर्तमानपत्र, परवाना, अगदी पत्त्यांचा जोडसुद्धा त्यातून सुटला नाही. पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. 14 ऑगस्टला लोकांनी या झाडावर स्टॅम्प अधिकारी अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा फासावर लटकवला. पुढच्या वर्षी कायदा मागे घेतला गेला, पण त्याच वेळी पार्लमेंटनं ठणकावलं की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा हक्क आमचाच. माझ्या मते खरी ठिणगी ही. पैसे वाचले, हक्क मिळाला नाही.

मग 1767 मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहावर जकात आली, पाठोपाठ सैन्य आलं. ओल्ड स्टेट हाऊससमोर दगडी वर्तुळ आहे. 5 मार्च 1770 ला ब्रिटिश सैनिकांनी जमावावर केलेल्या गोळीबाराची ही खूण. पाच माणसं गेली. त्याच वर्षी बाकीच्या जकाती उठल्या. चहावरची, पौंडाला तीन पेन्स, मुद्दाम ठेवली.

सगळ्यात जास्त वेळ मी ओल्ड साउथ मीटिंग हाऊसमध्ये रमले. पांढरी लाकडी कठडेबंद बाकं, प्रत्येकाला छोटंसं दार. 16 डिसेंबर 1773 ला इथं हजारो माणसं दाटीवाटीनं जमली होती. चहा घेऊन 'डार्टमथ' जहाज येऊन वीस दिवस होत आले होते. मुदतीत जकात भरली नाही तर कस्टम्सवाले चहा जप्त करणार. जहाजमालक रॉच चहा तसाच परत न्यायची परवानगी मागायला गव्हर्नर हचिन्सनकडे जवळच्या मिल्टनला गेला आणि अंधार पडल्यावर नकार घेऊन आला. लोक तडक ग्रिफिन्स वार्फच्या धक्क्यावर गेले. रात्रीत तीन जहाजांवरच्या 340 पेट्या फोडून समुद्रात रिकाम्या केल्या.

आणि हा चहा त्यांना स्वस्त पडणार होता! नव्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीला थेट माल विकायची मुभा दिली होती, त्यामुळे जकात धरूनही भाव उतरला असता. तरी त्यांनी तो नाकारला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या जॉन डिकिन्सननं लिहून बजावलं होतं की या कंपनीनं बंगालमध्ये दुष्काळात माणसं मरू दिली, आता तिची नजर आपल्यावर आहे. हे कळल्यावर मी बराच वेळ त्या बाकांपाशीच उभी होते. आपल्याकडे त्याच 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात याच कंपनीनं ठाण्याचा किल्ला घेतला.

ग्रिफिन्स वार्फचा धक्का आता भराव घातलेल्या जमिनीत गेलाय. शिक्षा म्हणून 1 जून 1774 पासून बॉस्टन बंदर बंद झालं. चहा बुडवणाऱ्यांबरोबर हमाल, कोळी, व्यापारी सगळेच भरडले गेले. लंडनला वाटलं होतं की बॉस्टन एकटं पडेल. उलट दूरच्या साउथ कॅरोलायनानं तांदूळ पाठवला आणि सप्टेंबरात बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात एकत्र बसले.